पीएसपी वापरणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न: बॅटरी, यूएमडी, कस्टम फर्मवेअर आणि बाकी सगळं

पीएसपीचे, म्हणजे सोनीच्या हातात धरून खेळायच्या प्लेस्टेशन पोर्टेबलचे, हे प्रश्न सारखे येतात, कधी रात्री अकराला कोणाचा तरी मेसेज येतो की "दादा, जुना पीएसपी सापडलाय, चालू होईल का", म्हणून एकदाच नीट लिहून ठेवलंय. क्रमाने वाचायची गरज नाही, पण बॅटरीवाला प्रश्न मात्र सगळ्यांनी वाचाच.

इतकं जुनं मशीन आता कोण वापरतं?

बरेच लोक वापरतात. पीएसपी जपानमध्ये १२ डिसेंबर २००४ ला आला, अमेरिकेत मार्च २००५ मध्ये आणि युरोपात सप्टेंबर २००५ मध्ये. जगभरात मिळून आठ कोटींच्या आसपास विकला गेला आणि साधारण २०१४ पर्यंत सोनीने तो बनवणं थांबवलं. आता एवढी मशीन्स एकदम कुठे जाणार, ती कपाटात, माळ्यावर, जुन्या बाजारात आहेतच. आणि त्याचा ४.३ इंची, ४८० बाय २७२ चा स्क्रीन आजही डोळ्याला त्रास देत नाही, हातात बसतो छान, आणि स्लीपमध्ये टाकून दोन दिवसांनी उघडला तरी गेम जिथे सोडला तिथेच. भारतात तो ऑफिशियली विकला जायचा, त्यामुळे गेम बॉयसारखं "दुबईच्या काकांनी आणला होता" असं इथे नाही, मुंबई-पुण्यात कॉलेजला जाणाऱ्या पोरांकडे तो खरंच असायचा. पीएसपी टिकला तो कंपनीमुळे नाही, सोनीने तर केव्हाच हात झटकले, तो टिकलाय लोकांनी रात्र रात्र बसून जे शोधलं आणि फुकट वाटलं त्यामुळे.

कपाटात पीएसपी सापडला. सगळ्यात आधी काय करू?

बॅटरी काढा. चार्जर लावायच्या आधी, चालू करून बघायच्या आधी, मागचं झाकण उघडा आणि बॅटरी बाहेर काढा.

इतक्या वर्षांत जवळजवळ सगळ्या ओरिजिनल बॅटऱ्यांचं वय झालंय आणि त्या फुगतात. झाकण वर आलेलं दिसत असेल किंवा बॅटरी सपाट टेबलवर ठेवल्यावर डुगडुगत असेल तर ती फुगलीये, ती चार्ज करायची नाही, दाबायची नाही, टाचणीने भोक पाडून "गॅस काढायचा" प्रकार तर अजिबात नाही, त्याने आग लागते. अशी बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

आता चांगली बातमी, पीएसपी बॅटरीशिवाय नुसत्या चार्जरवर चालतो. म्हणजे मशीन जिवंत आहे की नाही ते नवीन बॅटरी न घेताच बघता येतं. चार्जर ५ व्होल्टचा, आतली पिन पॉझिटिव्ह. हरवला असेल तर त्याच मापाच्या पिनची यूएसबी केबल मिळते, फक्त व्होल्टेज बघून घ्या, ९ किंवा १२ व्होल्टचा कुठला तरी अडॅप्टर "पिन बसते ना" म्हणून लावू नका.

कुठली बॅटरी घ्यावी?

पीएसपी-१००० ला (मॉडेलचे नंबर आणि नावं पुढच्या प्रश्नात आहेत) जाडी बॅटरी लागते, १८०० एमएएचची. २००० आणि ३००० ला बारीक, १२०० एमएएचची. बारीक बॅटरी जाड्या मॉडेलमध्ये चालते पण सैल बसते. बाजारात बॅटरीवर ३६०० एमएएच वगैरे छापलेलं दिसतं, त्या आकारात तेवढी क्षमता मावतच नाही, त्यामुळे असा आकडा दिसला की तो विक्रेता सोडा. ओरिजिनल म्हणून विकली जाणारी जुनी नवीकोरी बॅटरीही घेऊ नका, ती सील असली तरी तितकीच म्हातारी आहे. रिव्ह्यू बघून आजकाल बनलेली कंपॅटिबल बॅटरी घ्या. गो आणि स्ट्रीटमध्ये बॅटरी आत आहे, त्यासाठी मशीन उघडावं लागतं. आणि पीएसपी महिनोन् महिने वापरणार नसाल तर बॅटरी अर्धी चार्ज करून बाहेर काढून ठेवा.

माझं मॉडेल कुठलं ते कसं कळणार, आणि नवीन घ्यायचा तर कुठला घेऊ?

मागच्या स्टिकरवर नंबर असतो, शेवटचे आकडे देशाप्रमाणे बदलतात, पहिला आकडा बघायचा.

पीएसपी-१००० म्हणजे "फॅट", सगळ्यात जड, हातात दणकट वाटतो, ३२ एमबी रॅम. २००० म्हणजे "स्लिम", २००७ चा, हलका, रॅम ६४ एमबी झाली आणि टीव्हीला जोडता यायला लागला. ३००० हा २००८ चा, रंग सगळ्यात छान, माइक आत, पण नीट बघितलं तर हलत्या चित्रात बारीक आडव्या रेघा दिसतात, काहींना त्या दिसतच नाहीत आणि काहींना एकदा दिसल्या की त्या सोडून दुसरं काही दिसत नाही. पीएसपी गो २००९ चा, सरकवायचा, यूएमडी (गेमची छोटी डिस्क) नाही, १६ जीबी आतच, ब्लूटूथ आहे. आणि ई-१००० म्हणजे "स्ट्रीट", २०११ चा स्वस्तातला, त्यात वायफाय नाही आणि स्पीकर एकच.

माझं मत विचाराल तर २००० घ्या, बदलायचे पार्ट्स सहज मिळतात, उघडायला सोपा. रंगासाठी ३००० घेतला तरी चूक नाही. गो दिसायला सुंदर आहे पण पहिलाच म्हणून घेऊ नका. स्ट्रीट फक्त कोणी फुकट देत असेल तर.

जपानहून मागवलेले चांगल्या कंडिशनचे मिळतात, भाषा इंग्रजी करता येते, फक्त त्यात "ओके" साठी गोल बटण असतं, क्रॉस नाही, तेही कस्टम फर्मवेअरमध्ये बदलतं. बरेच विक्रेते विमानाने पाठवायचं म्हणून बॅटरी काढूनच पाठवतात, हे आधी विचारून घ्या. इथे घ्यायचा तर मुंबईत लॅमिंग्टन रोड, हीरा पन्ना किंवा पुण्यात तपकीर गल्लीच्या बाजूला चक्कर मारा, पण घेताना समोर चालू करून बघा: सगळी बटणं, ॲनालॉग (अंगठ्याने सरकवायची गोल घुंडी), वायफायचा स्विच, आणि खिशात एक यूएमडी घेऊन जा.

मेमरी स्टिक मिळत नाही / फार महाग आहे

जुनी मेमरी स्टिक प्रो ड्युओ शोधत बसू नका, त्यात नकलीच जास्त, ३२ जीबी लिहिलेली स्टिक आतून चार जीबीची निघते आणि भरली की जुनं सगळं खराब करते. मायक्रोएसडीचा ॲडॅप्टर घ्या, एकाच कार्डचा. दोन कार्डांचा ॲडॅप्टर येतो त्यात दोन्ही कार्डं मिळून एक बनतात आणि एक गेलं की दोन्हीवरचं जातं, त्यामुळे तो नकोच. कार्ड चांगल्या कंपनीचं. पीएसपीला फक्त फॅट३२ कळतं, मोठी कार्डं एक्सफॅटमध्ये येतात म्हणून कार्ड घालून आधी पीएसपीच्याच सेटिंगमधून फॉरमॅट करा.

आणि हो, जुनी स्टिक फॉरमॅट करायच्या आधी त्यातलं पीएसपी फोल्डरमधलं सेव्हडेटा कॉम्प्युटरवर कॉपी करून ठेवा. लोक हे विसरतात आणि शाळेतल्या दिवसांचे सेव्ह एका बटणात जातात. कोणाचा भाऊ, कोणाचा मित्र आता दूर असतो किंवा नसतोच, त्याच्या नावाचा प्रोफाइल त्या स्टिकवर असतो. आधी कॉपी, मग बाकी सगळं.

कस्टम फर्मवेअर म्हणजे नक्की काय? आणि हे आलं कुठून?

फर्मवेअर म्हणजे पीएसपीची सिस्टिम. सोनीची सिस्टिम फक्त सोनीने सही केलेलेच प्रोग्राम चालू देते. कस्टम फर्मवेअरने ती अट निघते, मग लोकांनी बनवलेले प्रोग्राम (होमब्रू) चालतात, आपल्या डिस्कची कॉपी कार्डवरून चालते, प्लगिन (जास्तीच्या सोयी देणारे छोटे प्रोग्राम) टाकता येतात.

इतिहास थोडा सांगतो कारण मला तो फार आवडतो आणि नवीन लोकांना हे माहीत असायला हवं. जपानमध्ये पहिला पीएसपी आला त्याचं फर्मवेअर १.०० होतं आणि त्यात सही तपासायची व्यवस्थाच नीट नव्हती, बाहेरचा प्रोग्राम सरळ चालायचा. १.५० मध्ये सोनीने ते बंद केलं, पण २००५ च्या मध्यात लोकांनी फोल्डरच्या नावांची एक युक्ती शोधली आणि १.५० पण उघडलं. मग २.०० आलं, त्यात एका टिफ फोटोतून घुसायची वाट सापडली, म्हणजे वॉलपेपरसाठी फोटो उघडायचा आणि आत प्रोग्राम चालू! नंतर जीटीए लिबर्टी सिटी स्टोरीजच्या सेव्ह फाइलमधून, त्यानंतर लुमिनेस नावाच्या गेममधून. सोनी अपडेट काढायची आणि त्यातच नवीन गेम चालायचे, म्हणजे होमब्रू हवं तर नवीन गेम सोडा असा पेच. तो पेच सोडवला डार्क ॲलेक्स या नावाने काम करणाऱ्या स्पॅनिश प्रोग्रामरने, २००६ पासून त्याने असं फर्मवेअर बनवलं की नवीन फर्मवेअरच्या सोयी पण आणि होमब्रू पण. त्याच्या फर्मवेअरचं एम३३ हे नाव त्या काळात ज्याच्याकडे पीएसपी होता त्याने ऐकलेलंच असणार.

ऑगस्ट २००७ मध्ये आली पँडोरा बॅटरी. सोनीच्या सर्व्हिस सेंटरला बिघडलेले पीएसपी दुरुस्त करायला एक खास बॅटरी असायची, तिचा सिरियल नंबर सगळा एफ-एफ-एफ, ती घातली की मशीन थेट मेमरी स्टिकवरून चालू होतं. लोकांनी साध्या बॅटरीतला नंबर बदलून तीच घरी बनवली, म्हणजे पूर्ण मेलेला पीएसपी पण उठवता यायला लागला. सोनीने मग २००० च्या शेवटच्या बोर्डांमध्ये आणि ३००० मध्ये ही वाट बंद केली.

शेवटचा मोठा धक्का बाहेरूनच आला. डिसेंबर २०१० ला बर्लिनमध्ये हॅकर्सच्या केऑस कम्युनिकेशन काँग्रेसमध्ये पीएस३ ची सुरक्षा कशी मोडली ते दाखवलं गेलं, आणि पीएस३ च्या आत पीएसपीचे प्रोग्राम हाताळायची सोय असल्यामुळे पीएसपीच्या सहीच्या गुप्त किल्ल्याही त्यातूनच निघाल्या. जानेवारी २०११ पासून होमब्रूवर सोनीसारखीच सही करता यायला लागली. त्यानंतर प्रो, एलएमई वगैरे कस्टम फर्मवेअर आले.

मग आता कुठलं टाकू?

आधी ऑफिशियल ६.६१ वर या, हे जानेवारी २०१५ चं शेवटचं फर्मवेअर. अपडेट करताना बॅटरी भरलेली आणि चार्जर लावलेला हवा, नाहीतर अपडेटच सुरू होत नाही आणि मध्येच लाइट गेली तर बॅटरीच वाचवते. त्यावर आर्क-४ हे कस्टम फर्मवेअर टाका. हे जुन्या प्रोवरूनच पुढे आलंय आणि त्यावर अजूनही काम चालू आहे.

साध्या पद्धतीने टाकलं तर पीएसपी पूर्ण बंद करून चालू केल्यावर दरवेळी एक लोडर चालवावा लागतो, स्लीपमध्ये मात्र टिकतं. कायमचं करायचं असेल तर त्यासाठीचं वेगळं इन्स्टॉलेशन आहे, त्यात फ्लॅश मेमरीत लिहिलं जातं, म्हणून ते आपल्या मॉडेलची आणि मदरबोर्डची सूचना वाचूनच करा. घाई नको. लोडरवाल्या पद्धतीने आठवडाभर वापरा, सगळं समजलं की मग कायमचं करा. जुन्या व्हिडिओंत ५.०० एम३३ सांगत असतील तर ते आज कामाचे नाहीत.

पीएसपी चालूच होत नाही, हिरवा लाइट लागतो आणि विझतो. ब्रिक झाला का?

ब्रिक म्हणजे सिस्टिम बिघडून मशीन विटेसारखं नुसतं पडून राहणं. झाला असेल, पण आधी बॅटरी काढून नुसत्या चार्जरवर बघा, मेमरी स्टिक काढून बघा, बऱ्याचदा तेवढंच असतं. कस्टम फर्मवेअर असेल तर उजवं आर बटण दाबून धरून चालू करा, रिकव्हरी मेन्यू येतो, एखाद्या प्लगिनने अडवलं असेल तर तिथून बंद करता येतं. खरंच ब्रिक असेल तर १००० आणि सुरुवातीच्या २००० साठी पँडोरा आहेच. ३००० ब्रिक झाला की पूर्वी तो गेलाच म्हणायचे, पण अलीकडे लोकांनी सोनीच्या बॅटरीची ती गुप्त ओळखपरेड पण सोडवलीये, बॅरियन स्वीपर नावाचं टूल आहे, कॉम्प्युटर बॅटरीचं सोंग घेऊन पीएसपीशी बोलतो आणि मशीन सर्व्हिस मोडमध्ये जातं. थोडं सोल्डरिंग आणि वायरिंग येणारा माणूस लागतो. म्हणून ब्रिक झालेला ३००० फेकू नका.

यूएमडी वाचत नाही, नुसता खरखर आवाज येतो

तीन गोष्टी बघा. एक, यूएमडीचं प्लास्टिकचं कव्हर. ते दोन भाग चिकटवून बनवलेलं असतं आणि पुढची पारदर्शक खिडकी निघून येते, डिस्क आत नीट फिरत नाही. रिकामी कव्हरं मिळतात, डिस्क अलगद काढून नवीन कव्हरमध्ये घालायची. दोन, लेन्सवर धूळ: कानकोरण्याच्या कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हलक्या हाताने. तीन, यूएमडीचं दार नीट बंद होत नाहीये. एवढं करूनही नाहीच झालं तर ड्राइव्ह बदलावा लागतो, तो सुटा मिळतो आणि बसवायला अवघड नाही.

गेम कुठून डाउनलोड करू?

लिंक मी देत नाही, मागू नका. ज्याची डिस्क तुमच्याकडे आहे त्याची कॉपी स्वतः काढा. आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये कायदेशीरपणे घेतलेल्या कॉम्प्युटर प्रोग्रामची बॅकअप कॉपी हरवणं किंवा खराब होणं यापासून बचाव म्हणून ठेवायची मुभा आहे. दुसऱ्याला वाटायची नाही. जुन्या यूएमडी आजही सेकंडहँड मिळतात, गेमला रीजन लॉक (देशाप्रमाणे अडवणं) नसल्यामुळे जपान, युरोप कुठलीही डिस्क चालते, लॉक फक्त सिनेमांच्या यूएमडीला आहे.

आणि ज्यांनी पीएसपीवर डिजिटल गेम घेतले होते त्यांच्यासाठी: जुलै २०२१ मध्ये सोनीने पीएसपीवरून करायची खरेदी बंद केली, पण आधी घेतलेलं आपल्या अकाउंटमधून परत उतरवता येतं. लवकर उतरवून ठेवा, ही सोय किती दिवस ठेवायची ते आपल्या हातात नाही.

स्वतःच्या डिस्कची कॉपी काढायची कशी?

फार सोपं आहे. कस्टम फर्मवेअर चालू असताना यूएमडी घाला, मेनूवर सिलेक्ट दाबा, यूएसबी डिव्हाइस या ठिकाणी "यूएमडी डिस्क" निवडा, केबलने कॉम्प्युटरला जोडा. ड्राइव्हमध्ये एक आयएसओ फाइल (पूर्ण डिस्कची कॉपी) दिसेल, ती कॉपी करा. डिस्क जास्तीत जास्त १.८ जीबीची, त्यामुळे वेळ लागतो, मध्ये केबल हलवू नका. मग कार्डवर मुळाशी आयएसओ नावाचा फोल्डर करून त्यात टाका, गेम मेनूत दिसेल. जागा कमी असेल तर सीएसओ करून लहान करता येते पण काही गेम अडखळतात. जपून ठेवायची कॉपी मात्र आयएसओच ठेवा.

भारतात बनलेले पीएसपी गेम खरंच होते का?

होते! हा प्रश्न कमी जण विचारतात आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा हाच आहे.

२००९ मध्ये "देसी अड्डा: गेम्स ऑफ इंडिया" आला, हैदराबादच्या गेमशास्त्रने बनवलेला, पीएस२ आणि पीएसपी दोन्हीवर, त्यात कबड्डी, विटीदांडू, पतंग असले आपले खेळ. विचार करा, जगभर पीएसपीवर गाड्या आणि राक्षस चाललेत आणि आपल्याकडे कोणीतरी विटीदांडूचं कोडिंग करतंय. २०१० मध्ये मुंबईच्या ट्राइन स्टुडिओचा "स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स" आला, गल्ली क्रिकेट, पुढे त्याचा दुसरा भागही आला. ग्राफिक्स साधे होते, तेव्हाच्या रिव्ह्यूत लोकांनी नावंही ठेवली असतील, पण कन्सोलसाठी गेम बनवायची आपल्याकडची ती सुरुवातीची पावलं आहेत.

"गॉड ऑफ वॉर" ची डिस्क कधीच हरवणार नाही, ती जगात लाखोंनी आहे आणि हजारो लोकांनी जपलीये. पण देसी अड्डाची यूएमडी विकली गेली ती मुख्यतः इथेच. ती आपल्या माळ्यावरून भंगारात गेली तर कॅलिफोर्नियातला किंवा ओसाकातला कलेक्टर ती वाचवायला येणार नाही, त्याला ती माहीतच नाही. म्हणून तुमच्याकडे यातली एखादी असेल, डबीवरचं कव्हर फाटकं असलं तरी, तिची कॉपी काढून ठेवा, कव्हरच्या पुढच्या-मागच्या बाजूचे, आतल्या पुस्तिकेच्या पानांचे आणि डिस्कवरच्या नंबरचे फोटो काढा, रुपयातल्या किमतीचा स्टिकर असेल तर तो खरवडून काढू नका, त्यावरून कळतं की ही इथली आवृत्ती आहे. रीडम्प नावाचा प्रकल्प आहे, तिथे डिस्कचे चेकसम (फाइलवरून काढलेला ओळखीचा आकडा) आणि माहिती नोंदवतात, गेमची फाइल नाही, नुसती ओळख, म्हणजे उद्या कोणाकडची कॉपी बरोबर आहे की अर्धवट हे ताडून बघता येतं.

ज्यांनी त्या काळी या स्टुडिओंमध्ये काम केलं असे लोक अजून आपल्यात आहेत, पन्नाशीलाही पोचले नसतील. कोणाच्या ओळखीत असतील तर त्यांच्याशी बोला, काय टूल वापरली, टीम किती जणांची होती, लिहून घ्या. पुस्तकात हे कुठे मिळणार नाही.

वायफायला जोडतच नाही

पीएसपीचं वायफाय ८०२.११बी, २.४ गिगाहर्ट्झवालं, आणि सुरक्षेत तो डब्ल्यूपीएपर्यंतच (वायफाय पासवर्डची जुनी पद्धत) जातो. आजचे राउटर डब्ल्यूपीए२ किंवा त्याच्या वरचं मागतात म्हणून जमत नाही. राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क करून त्याची सुरक्षा तेवढ्यापुरती खाली आणता येते, घरचं मुख्य नेटवर्क कमजोर करू नका आणि काम झालं की गेस्ट बंद करा. डब्ल्यूपीए२ चं प्लगिनही कम्युनिटीतल्या लोकांनी बनवलंय, ज्या कंपनीने मशीन बनवलं तिने जे केलं नाही ते! आणि आधी मशीनवरचा सरकवायचा वायफायचा स्विच चालू आहे का बघा, निम्म्या वेळा तोच बंद असतो.

मित्रांबरोबर खेळता येतं का? एक मित्र नाशिकला, एक अबुधाबीला

येतं. पीएसपीत ॲडहॉक म्हणून मोड आहे, मूळ कल्पना अशी की एकाच खोलीत बसून वायरलेसने खेळायचं. जपानमध्ये मॉन्स्टर हंटर लोक स्टेशनवर, कॅफेत बसून असंच खेळायचे. लोकांनी तो मोड इंटरनेटवरून फिरवायची सोय केली, एक्सलिंक काई आहे, प्रो ऑनलाइनचे सर्व्हर आहेत आणि फोनवरच्या एम्युलेटरवरून (फोनवर पीएसपीचे गेम चालवणारा प्रोग्राम) पण त्याच धर्तीवर जोडता येतं. सेटिंगला एक संध्याकाळ जाते, पहिल्यांदा कंटाळा येईल, पण शाळेतले चार जण चार गावांतून एकाच गेममध्ये आले की तो वेळ वसूल आहे.

फोनवर पीपीएसएसपीपी असताना खरा पीएसपी कशाला?

दोन्ही ठेवा, हे भांडण नाहीच. पीपीएसएसपीपी हा एम्युलेटर २०१२ पासून आहे, ओपन सोर्स, फुकट, आणि २०२४ पासून आयफोनच्या ॲप स्टोअरवर पण. आपल्याकडे कितीतरी पोरांनी "चेन्स ऑफ ऑलिंपस" आणि "व्हाइस सिटी स्टोरीज" पहिल्यांदा स्वस्तातल्या फोनवर, तडा गेलेल्या स्क्रीनवर बोटं आपटत संपवले, ते पण पीएसपीचेच चाहते आहेत, त्यांना "खरा खेळलास का" असं विचारून कमी लेखू नका. मशीन कधीतरी संपणार, तेव्हा हे गेम चालवायला एम्युलेटरच उरणार आहे. पण एम्युलेटर बरोबर चालतोय का हे खऱ्या मशीनशी ताडूनच कळतं, म्हणून खरी मशीन्स चालू ठेवायला हवीत. शिवाय खरी बटणं ती खरी बटणं.

ॲनालॉग आपोआप एका बाजूला जातो

वरची टोपी काढून कडेने आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब, गोल गोल फिरवा. नाहीच झालं तर सुटा ॲनालॉग बदला, स्वस्त असतो. उघडताना साधा बारीक फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर पुरतो, एक स्क्रू स्टिकरखाली लपलेला असतो. स्क्रूंची लांबी वेगवेगळी आहे, कागदावर चित्र काढून त्या त्या जागी ठेवा.

जपानी गेम इंग्रजीत खेळता येतात का?

बरेच येतात. "फायनल फँटसी टाइप-०" चं चाहत्यांनी केलेलं भाषांतर २०१४ मध्ये आलं, "व्हल्किरिया क्रॉनिकल्स ३" चं पण आहे. पॅच म्हणजे फक्त बदल, गेम नाही, तो आपल्या आयएसओवर लावायचा. मूळ आयएसओचा चेकसम जुळतोय ना ते बघा, नाहीतर मध्येच गेम अडकतो आणि लोक पॅचवाल्यांना बोल लावतात.

मला पीएसपीसाठी गेम बनवायचाय, तोही मराठीत. शक्य आहे?

हो, आणि प्लीज बनवा. पीएसपीडेव्ह नावाचं टूलचेन (प्रोग्राम बनवायच्या साधनांचा संच) आहे, फुकट, अजून सांभाळलं जातंय, सी किंवा सी++ येत असेल तर पुरे, एसडीएल ही गेमसाठीची लायब्ररी पण चालते. प्रोसेसर ३३३ मेगाहर्ट्झपर्यंतचा आहे, १००० वर पण चालावं असं वाटत असेल तर ३२ एमबी धरूनच बनवा. सुरुवातीला एक चौकोन हलवा, मग आवाज, मग बाकी.

मराठीची अडचण वेगळी आहे. पीएसपीत देवनागरी फॉन्ट नाही, आणि नुसता फॉन्ट टाकून भागत नाही कारण जोडाक्षरं, वेलांट्या, रफार जागेवर बसवायचं काम कोणीतरी करावं लागतं आणि पीएसपीवरच्या साध्या फॉन्ट लायब्रऱ्या ते करत नाहीत, "र्‍हस्व" चे तुकडे तुकडे होऊन येतात. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे वाक्यं कॉम्प्युटरवरच नीट जुळवून त्यांची चित्रं करायची आणि गेममध्ये चित्रंच दाखवायची. जागा थोडी जास्त लागते पण अक्षर सुंदर दिसतं. मजकूर खूप असेल तर लागणारे सगळे अक्षरगट एका मोठ्या चित्रात ठेवून त्यातून वाक्य लावायचं, हे वेळखाऊ आहे पण एकदा केलं की पुढच्या प्रत्येकाला वापरता येईल. कोणी करत असेल तर कोड उघडा ठेवा.

टीव्हीला जोडता येतो का?

२००० आणि ३००० येतो, कंपोनंट केबलने. १००० ला नाही. गेमचं चित्र पूर्ण स्क्रीनभर येत नाही, चारी बाजूंनी काळी पट्टी राहते, ती मशीनचीच मर्यादा आहे.

माझा पीएसपी पूर्ण मेलाय, स्क्रीन फुटलाय. भंगारात देऊ का?

नको. स्क्रीन फुटला तरी मदरबोर्ड चांगला असतो, बोर्ड गेला तरी यूएमडी ड्राइव्ह, ॲनालॉग, बटणांची पट्टी, स्पीकर, मागचं झाकण, अगदी स्क्रूसुद्धा कोणाला तरी हवे असतात, विशेषतः बॅटरीचं झाकण, ते सगळ्यांचंच हरवलेलं असतं. "पार्ट्ससाठी" असं स्पष्ट लिहून विका किंवा देऊन टाका. त्याआधी बॅटरी वेगळी काढा, आत एखादी यूएमडी राहिलीये का बघा आणि मेमरी स्टिक काढून घ्या.